चौदा नग

साहेब, तुम्ही आयुष्यात एकदाही लेकरू कडेवर घेऊन बोटीत चढलेला नाहीत. तुमच्या पाटीवरून ते दिसतं. धक्क्यावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये, जिथं दुपारचं ऊन थेट डोळ्यांत येतं त्याच भिंतीवर, तुम्ही एकवीस नियम टांगलेत. बोकड, कोंबड्या, काचसामान, रॉकेल, सगळ्यांची सोय तुम्ही केलीत. लेकराला शी लागली तर कुठं, आणि आईचे दोन्ही हात ओझ्यात गुंतलेले असताना तिनं तिसरा हात कुठून आणायचा, यावर एक ओळ नाही. तुम्ही वर पंख्याखाली बसून उंटावरून शेळ्या हाकता आणि खाली माणसांच्या शेळ्या होतात. हे बोलण्यापुरतं नाही. त्या दिवशी खरोखर झाल्या. पाच झाल्या.

सकाळी सहाच्या बसनं निघालेलं हे घर, म्हणजे नर्सबाई, नवरा, सासरे, नणंद आणि पाच पोरं, धक्क्याला लागलं तेव्हा दुपारचा एक वाजला होता. सात तासांत दोन उलट्या, एक हरवलेली चप्पल आणि वाटेत टपावरून घसरलेली वळकटी, एवढी कमाई झाली होती. वळकटीसाठी बस थांबवावी लागली तेव्हा ड्रायव्हर म्हणाला होता की एवढं सामान घेऊन लोक घर बदलत नाहीत, राजधानी बदलतात.

हवा अशी की नुसतं उभं राहिलं तरी पाठीवरून पाणी वाहायचं. शेडमध्ये बाकं दोन आणि माणसं दोनशे. नर्सबाईनं धाकट्या शेंडेफळाला एका हातानं छातीशी धरलं आणि दुसऱ्या हातानं ब्लाउजच्या आतलं पत्र चाचपलं. घामानं ते जुन्या रुमालासारखं मऊ झालं होतं, पण मजकूर तिला पाठ होता. बेटावरच्या दवाखान्यात नेमणूक. आज पाचच्या आत हजेरीपुस्तकात सही, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या नावाला.

पण तिला धास्ती होती ती पत्राची नव्हे. पाचच्या आत ती एकटी कशीही पोचली असती, वेळ पडती तर पोहत. धास्ती होती ती मागच्या माणसांची. आठ महिने या एका पत्रावरून घरात जे रामायण झालं, ते तिनं सोसलं होतं. सासरे तीन दिवस ताटावर बसले नव्हते. नणंद, म्हणजे पोरांची आत्याबाई, रोज नवीन कारण काढून यायची आणि जाताना जुनंच भांडण ठेवून जायची. नवरा शिंपी, तो दोन्हीकडचं ऐकून घ्यायचा आणि उत्तर द्यायची वेळ आली की तोंडात टाचण्या धरायचा. टाचण्या तोंडात असलेल्या माणसाला कुणी बोल म्हणत नाही, ही युक्ती त्याला लग्नाच्या आधीपासून येत होती. शेवटी सगळे हो म्हणाले. पण ते हो किती कच्च्या धाग्याचं आहे हे शिंप्याच्या बायकोला कळत नसेल तर कुणाला कळणार? आज सगळे मिळून पलीकडे गेले तर गेले. ती एकटी पुढे गेली, तर मागचे सहाची बस धरून घरी जाणार, मग उद्या बघू, मग दिवाणावर पुन्हा चादर, चुलीवर पुन्हा भांडं, आणि पुढची दहा वर्षं ती सुट्टीला येणारी पाहुणी. हे तिला नकाशासारखं स्पष्ट दिसत होतं.

म्हणून तिकिटाच्या रांगेत ती स्वतः उभी राहिली. सासरे म्हणाले की माझं मी काढतो, म्हाताऱ्यांची सवलत मिळते का विचारायचंय. ते बाजूच्या खिडकीला गेले. तिनं लक्ष दिलं नाही. पुढे सगळी गंमत त्यातूनच झाली.

आता या सासऱ्यांबद्दल. सगळे त्यांना आबा म्हणायचे. चाळीस वर्षं त्यांनी रेल्वेच्या पार्सल कचेरीत माल मोजण्यात काढली होती. मोजणं हा त्यांचा श्वास होता. घर कुठंही निघालं, देवळात का दवाखान्यात, की आबा उंबऱ्यावर उभे राहून नग मोजायचे. पिशव्या मोजायचे, पेट्या मोजायचे, आणि त्याच दमात पोरंही मोजायचे, कारण त्यांच्या मते हरवण्याच्या बाबतीत पोर आणि पिशवी यांत फरक नाही, उलट पिशवी आपल्या पायानं जात नाही. जुळे झाले तेव्हा प्रसूतिगृहाच्या दारात त्यांनी सुनेची तब्येत विचारली आणि लगेच म्हणाले, "दोन नग. शाबूत उतरले ना?" शेजारीपाजारी एखाद्या वात्रट पोराला काय नग आहे म्हणतात, तो अर्थ त्यांना वेगळा सांगावा लागत नव्हता. त्यांची सगळीच नातवंडं दोन्ही अर्थांनी नग होती.

चाळीस वर्षं ऐकून ऐकून सगळ्या घराला तीच सवय जडली होती. सामानाचे नऊ: शिवणयंत्र, त्याचा लोखंडी पाय, दोन पत्र्याच्या पेट्या, दोन वळकट्या, भांड्यांचं पोतं, शेगडी आणि आत्याबाईनं ऐनवेळी गळ्यात मारलेली बादली. पोरं पाच. नर्सबाई खिडकीत वाकली आणि उचलली जीभ लावली टाळ्याला.

"तीन माणसं, चौदा नग."

खिडकीतल्या कारकुनाला खिडकीच्या खालचं जग दिसत नव्हतं. त्यानं माणसांची तीन तिकिटं फाडली, चौदा नगांची पावती केली आणि दोरी लावलेल्या चौदा पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या सरकवल्या. नऊ वर्षांच्या थोरलीला घरात वकील म्हणत, कारण ती झोपेतसुद्धा मुद्दा सोडत नसे. तिनं चिठ्ठ्या आपल्याकडे घेतल्या आणि जुळ्यांच्या मदतीनं बांधायला लागली. नऊ सामानाला. मग पाच उरल्या. पाच का उरल्या, असा प्रश्न या घरातल्या कुठल्याच मुलाला पडला नाही. एक तिनं स्वतःच्या मनगटाला बांधली, दोन जुळ्यांच्या, एक आत्याच्या मुलाच्या, आणि शेवटची शेंडेफळाच्या पायाला. आत्याचा मुलगा काडीपैलवान होता, म्हणून त्याला सगळे पैलवान म्हणत. चिठ्ठी सुटू नये म्हणून तो दंड फुगवून उभा राहिला.

फाटकावर शिट्टीवाला होता. त्यानं तीन तिकिटं बघितली, आबांचं बघितलं, आणि हात पुढे केला.

"पोरांची तिकिटं?"

नर्सबाईनं पावती दिली. तो ती वाचत होता तोवर पैलवानानं आपलं मनगट त्याच्या नाकासमोर धरलं. शिट्टीवाल्यानं मनगट बघितलं, पावती बघितली, पुन्हा मनगट बघितलं. नंतर तो असा हसला की गळ्यातली शिट्टी आपोआप वाजली. हसून झाल्यावर मात्र त्यानं फाटक लावलं. पोरं सामानात लिहिलीत, तर पोरं सामानाच्या बोटीनं जाणार. सामानाची बोट सहाला.

पुढचा अर्धा तास नर्सबाई या खिडकीवरून त्या खिडकीवर गेली. कारकून म्हणाला, चूक तुमची, तुम्ही नग म्हणालात. तेही खरंच होतं; हात दाखवून अवलक्षण. बरं, मग आता पाच तिकिटं द्या. तर माणसांच्या जागा संपल्या. मांडीवर घेऊ म्हटलं, तर मांडीवरच्यालाही तिकीट लागतं आणि तिकिटं संपली. पावती बदला म्हटलं, तर नोंदलेल्या मालाची नोंद त्याच दिवशी बदलत नाही, नियम नऊ. साहेबांना भेटते म्हटलं, तर साहेब जेवायला गेलेत. कधी येतील, तर जेवण झाल्यावर. साहेबांचं जेवण किती वेळ चालतं हे पाटीवर लिहिलेलं नव्हतं. मालाच्या बाबतीत या कचेरीला मिनिटांचा हिशेब लागतो, माणसानं थांबायचं असेल तर घड्याळच बंद पडतं.

पावणेदोन झाले होते. बोट अडीचची.

ती परत आली तेव्हा पेट्यांभोवती दरबार भरला होता. आबा पेटीवर बसून घडी केलेल्या वर्तमानपत्रानं वारा घेत होते. नवरा शिवणयंत्राला टेकून उभा होता आणि सवयीनं त्यानं खरंच शर्टाच्या कॉलरमधली टाचणी काढून ओठांत धरली होती. आत्याबाईच्या चेहऱ्यावर काळजी होती, पण काळजीखाली सुंठीवाचून खोकला गेल्याचं समाधान कसं बसतं ते कुणी त्या वेळी तिच्याकडे बघून शिकावं. ती स्वतः आठच दिवसांसाठी येत होती, भावाचं बस्तान बसवायला. घरी तिचा नवरा आणि दुकान होतंच. भाऊ गावातच राहिला तर तिला हवंच होतं.

"वहिनी, तू एकटी पुढे हो," ती म्हणाली. "सही महत्त्वाची. आम्ही पोरांना घेऊन घरी जातो. मग सावकाश, पुढच्या महिन्यात, बोटीला गर्दी नसताना."

"पुढच्या महिन्यात कोण आणणार?"

"आणतील ना कुणीतरी."

कुणीतरी हा या घरातला सगळ्यात कामसू माणूस होता. सगळी कामं त्याच्यावर असायची आणि आजवर तो कुणाला दिसला नव्हता.

नर्सबाईनं नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्यानं टाचणी या ओठाकडून त्या ओठाकडे नेली. मग तिनं आबांकडे बघितलं. आबा पाटीकडे बघत होते. आणि तिथं तिला एक गोष्ट दिसली. तेरा वर्षं तिनं हा माणूस बघितला होता. काही वाचून पाठ असलं की त्यांचा उजवा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरायचा. आता तो फिरत होता. तिसऱ्या पेरावर येऊन तो थांबला आणि आबांनी घाईनं वर्तमानपत्र दुसऱ्या हातात घेतलं.

त्यांना काहीतरी सापडलं होतं आणि ते सांगत नव्हते.

तिला राग आला, आणि रागाआधी वाईट वाटलं. ती विचारणार, तेवढ्यात वकील पाटीखाली उभी राहून खडा आवाज लावून वाचायला लागली, कारण तिला दुसरं काही काम नव्हतं. नियम पंधरा, रॉकेल. नियम सोळा, प्रेतवहन, यावर जुळे एकमेकांकडे बघून खूश झाले. नियम सतरा.

"सजीव माल पहिल्या सुटणाऱ्या बोटीनेच रवाना करावा. सजीव माल उन्हात एक तासाहून जास्त रोखून ठेवणे हा गुन्हा समजला जाईल. सजीव मालासोबत त्याचे दाणापाणी व सरंजाम जाऊ द्यावा." ती वळली. "आबा, सजीव म्हणजे जिवंत ना?"

"हो," आबा म्हणाले.

"आणि आम्ही माल आहोत."

आबांनी वर्तमानपत्राची आणखी एक घडी केली. घरातल्या कुठल्याही भांडणात ते खोटं बोलू शकत होते, बोललेही होते. आठ महिन्यांत त्यांना तीन वेगवेगळी दुखणी झाली होती आणि तिन्ही डॉक्टरला सापडली नव्हती. पण नियमाबद्दल कुणी सरळ विचारलं तर खोटं बोलणं त्यांच्या हाडांत नव्हतं. शिवाय विचारणारी नात होती, आणि तिच्या मनगटावर चिठ्ठी होती.

"पावती आण," ते म्हणाले, आणि उठले. उठताना गुडघा वाजला, पण उभे राहिले ते पार्सल कचेरीतले.

खिडकीपाशी जे झालं ते दोनशे माणसांनी बघितलं आणि अजून सांगतात. आबांनी आवाज चढवला नाही. त्यांनी कारकुनाला आधी फक्त एवढंच विचारलं की पावतीवर चौदा नग तुम्हीच लिहिलेत ना, आणि नोंदलेल्या मालाची नोंद आज बदलत नाही ना. कारकून दोन्हींना हो म्हणाला. मग आबांनी शेंडेफळाला उचलून खिडकीच्या फळीवर ठेवलं आणि म्हणाले, हा नग क्रमांक चौदा. हा जिवंत आहे की नाही ते बघून घ्या. शेंडेफळानं कारकुनाच्या शिक्क्याच्या गादीत मूठ घातली आणि त्याच्या शर्टावर पोच दिली.

रांगेत हशा पिकला. कारकून चिडून म्हणाला की सजीव माल म्हणजे शेळ्यामेंढ्या, माणसं नव्हेत.

"असं नियमात लिहिलंय का?"

कारकुनानं मान बाहेर काढून पाटीकडे बघितलं. लिहिलेलं नव्हतं. ज्यांनी लिहिलं ते जेवायला गेले होते.

"माणसं असतील तर तिकिटं द्या," आबा म्हणाले. "माल असेल तर बोटीवर चढवा. दोन्हींतलं काहीच नाहीत असं तुमचं म्हणणं असेल, तर तेवढं एका ओळीत लिहून सही करा. मी नातवंडांना वाचून दाखवीन. आणि हा माल उन्हात पन्नास मिनिटं आहे. साठ झाली की गुन्हा."

मागून एका शेळ्यावाल्यानं ओरडून सांगितलं की म्हातारबा बरोबर बोलतात, मागच्या महिन्यात त्याच्या बोकडासाठी याच खिडकीनं धावपळ केली होती. शिट्टीवाला आता उघड उघड आबांच्या बाजूला होता. खालच्या मजल्यावर, मागच्या अंगाला, शेळ्यांची जागा आज अर्धी रिकामी आहे असं त्यानं कुणी न विचारता जाहीर केलं. म्हणजे बघा साहेब. त्याच बोटीवर, त्याच पाच लेकरांना, माणूस म्हणून जागा नव्हती आणि शेळी म्हणून होती.

कारकुनानं शेवटचा किल्ला लढवला. दाणापाणी आणि सरंजाम समजू शकतो. शेगडी, भांडी, वळकट्या ठीक. पण शिवणयंत्र कुठल्या मालाचा सरंजाम?

इथं एक अघटित घडलं. नवऱ्यानं तोंडातली टाचणी काढली.

"लेकरं उघडी न्यायची का?" तो म्हणाला.

नर्सबाईला तेरा वर्षांत नवऱ्याचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता, आणि वाक्य तर चारच शब्दांचं होतं.

कारकुनानं शिक्का उचलला. पण शिक्का मारता मारता त्याचं बोट पाटीवरच्या नियम सतराच्या शेवटच्या ओळीकडे गेलं, जी वकिलानं वाचली नव्हती. सजीव मालासोबत एक राखणदार आवश्यक. राखणदाराकडे त्याच दिवसाचे परतीचे तिकीट असले पाहिजे, एरवी माल स्वीकारला जाणार नाही. शेळ्या पोचवणारा माणूस शेळ्या सोडून परत येतो, त्यामुळे हे शेळ्यांपुरतं शहाणपणाचंच होतं.

"परतीचं तिकीट कुणाकडे आहे?" कारकुनानं विचारलं, आणि त्याच्या आवाजात सुटल्याचा आनंद होता.

कुणाकडेच नव्हतं. ही माणसं राहायला चालली होती. राहायला जाणारा परतीचं तिकीट कशाला काढील? दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. आत्याबाईनं बादली उचलली, म्हणजे आता बसकडे चला.

आबा हलले नाहीत. त्यांनी खिडकीच्या फळीकडे बघितलं, जिथं शेंडेफळाच्या शाईच्या बोटांचे ठसे होते. मग त्यांनी सदऱ्याच्या आतल्या खिशात हात घातला आणि एक तिकीट काढून फळीवर ठेवलं. लांब होतं. जायचं आणि यायचं, मधे टोचलेल्या भोकांची रेघ.

कारकुनानं शिक्का मारला. धाडकन. मागे माणसांनी टाळ्या वाजवल्या. फक्त आत्याबाईनं टाळी न वाजवता बादली खाली ठेवली आणि ती आबांच्या तिकिटाकडे बघत राहिली.

बोट सुटली ती वेळेवर. शेळ्यांच्या कठड्यात पोरांनी जो आनंद लुटला तो वरच्या मजल्यावर तिकीट काढून बसलेल्या कुणाच्याही नशिबी नव्हता. जुळ्यांनी बेंबें करून एका खऱ्या शेळीला बुचकळ्यात टाकलं. पैलवानानं तिला आपली चिठ्ठी दाखवली आणि ती तिनं खाल्ली, त्यावरून तो रडला, आणि शेळ्यावाल्यानं आपल्या बोकडाची चिठ्ठी त्याच्या मनगटाला बांधली तेव्हा गप्प झाला. वकील येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती की आम्हाला हात लावायचा असेल तर राखणदाराची परवानगी लागते. वारा गार होता, पाणी हिरवं होतं, आणि डेकवर इंजिनचा तेलकट वास आणि शेळ्यांचा वास मिळून जो तिसरा वास होत होता त्याला पोरांनी प्रवासाचा वास असं नाव ठेवलं.

आबा वळकटीवर बसले होते. नर्सबाई समोरच्या पेटीवर होती. नवरा आणि आत्याबाईही वरच्या जागा सोडून खाली आले होते. पहिला अर्धा तास कुणी त्या तिकिटाचा विषय काढला नाही. प्रत्येक जण दुसऱ्यानं काढावा म्हणून थांबला होता. शेवटी फुटली ती आत्याबाई. इतके महिने ती बापाच्या बाजूनं लढली होती. बापानं जेवण सोडलं तेव्हा तिनंही एक वेळचं सोडलं होतं, म्हणजे तसं सांगितलं होतं. आता तिला कळत होतं की सेनापतीनं तह आधीच केला होता आणि शिपायाला कळवलं नव्हतं.

"मलासुद्धा सांगितलं नाहीत, आबा," ती म्हणाली. "मी तिकडे आठ दिवस राहणार, आणि तुम्ही आजच उलट्या पावली जाणार होतात. त्या रिकाम्या घरात. तुम्हाला चहा तरी करता येतो का?"

आबांनी त्यावर जे सांगितलं ते तुटक तुटक, पाण्याकडे बघत सांगितलं. चाळीस वर्षं त्यांनी माल पाठवला. आंबे पाठवले, सायकली पाठवल्या, नवरीच्या पेट्या पाठवल्या. एकदा जिवंत मोरसुद्धा. माल नीट बांधायचा, मोजायचा, गाडीत चढलेला बघायचा, आणि गाडी गेली की खिडकीवर परत यायचं.

"कारकून माल पाठवतो, पोरी. मालाबरोबर जात नाही," ते म्हणाले. "तुम्हाला पोचवायचं होतं. पोचवून परत फिरायचं, एवढंच डोक्यात होतं. भांडण नको म्हणून बोललो नाही."

आत्याबाई तोंडाला पदर लावून बसली. आणि जी बाई सकाळपर्यंत भावाच्या बायकोशी धड बोलत नव्हती ती हळूच सरकून नर्सबाईच्या पेटीवर येऊन बसली. पेटी एकीला पुरेल एवढीच होती. दोघी कशाबशा मावल्या. नर्सबाईच्या कानात ती म्हणाली की आता तू म्हणशील तसं, पण यांना सोडायचं नाही.

बेटाच्या धक्क्याला बोट चार वाजता लागली. नर्सबाई शेंडेफळाला घेऊन दवाखान्यापर्यंत जवळजवळ पळत गेली. पाच मिनिटांचा रस्ता, दोन्हीकडे उंच झाडं, खाली पांढरी वाळू. चार वाजून बारा मिनिटांनी तिनं हजेरीपुस्तकात सही केली. कंपाउंडर म्हणाला की बाई, पाचला वेळ आहे, पाणी तरी प्या. ती पाणी प्यायली, आणि तिथंच तिच्या लक्षात आलं की आपली अर्धीच लढाई झाली आहे.

ती परत आली तेव्हा धक्क्यावर सामान रांगेत मांडलं होतं, पोरं सामानावर बसली होती, आणि आबा समोर उभे राहून बोटानं मोजत होते. परतीची बोट साडेपाचला. ती धक्क्याला लागूनच उभी होती. बेटावरचा मालबाबू कागद घेऊन आबांशेजारी थांबला होता. सजीव माल शाबूत मिळाला अशी घेणाऱ्याची सही झाल्याशिवाय राखणदाराला सोडता येत नाही, हाही नियम. सतरा, पोटकलम दोन. साहेब, तुमचा एवढा एक नियम मला पटला.

"चौदा," आबा म्हणाले. "सगळे शाबूत. सूनबाई, इथं सही कर."

मालबाबूनं पेन पुढे केलं. नर्सबाईनं शेंडेफळ नवऱ्याकडे दिलं, कागद घेतला, सावकाश वाचला, आणि पेन कानावर खोचलं.

"मोजणी चुकली, आबा."

चाळीस वर्षांत हे त्यांना कुणी म्हटलं नव्हतं. त्यांनी पुन्हा मोजलं. शिवणयंत्र, पाय, पेट्या, वळकट्या, पोतं, शेगडी, बादली. वकील, जुळे, पैलवान, शेंडेफळ.

"चौदाच आहेत."

"पावतीवर चौदा आहेत. मी घरातून निघताना पंधरा आणले होते," ती म्हणाली. "सगळ्यात जुना, सगळ्यात अडेल, आणि पाटीवरचा नियम पाठ असून अर्धा तास गप्प बसलेला असा एक नग कमी पडतोय. तो मिळाल्याशिवाय मी सही करणार नाही. आणि सही झाली नाही तर तुम्हाला बोटीवर कोण सोडतो ते बघते मी."

मालबाबूनं मान डोलावली. नियमच तसा होता.

"अगं, ही काय जबरदस्ती," आबा म्हणाले, पण म्हणताना त्यांचा अंगठा पेरांवरून फिरायला लागला होता, कुठलंतरी कलम शोधत, आणि कलम सापडत नव्हतं.

परतीच्या बोटीची पहिली घंटा झाली. पैलवानानं आपल्या मनगटावरची बोकडाची चिठ्ठी सोडली आणि पुढे येऊन आजोबांच्या सदऱ्याच्या काजात अडकवायला लागला. त्याला गाठ मारता येत नव्हती, म्हणून त्याच्या शिंपी मामानं कडेवरचं पोर आत्याबाईकडे दिलं, कॉलरमधली टाचणी काढली, आणि ती चिठ्ठी बापाच्या छातीवर टाचून दिली. शिंप्याचा हात, सरळ बसली.

आबांनी मान खाली घालून चिठ्ठी वाचली. मग तिकीट काढलं. अर्धं फाटलेलं, अर्धं शाबूत. त्यांनी ते हातात धरलं, आणि बोटीकडे बघितलं, आणि पोरांकडे बघितलं, आणि ती पाचही पोरं, आयुष्यात पहिल्यांदा, मालासारखी जागच्या जागी स्थिर झाली.

दुसरी घंटा झाली.

"तुम्ही पाठवणारे की आलेले?" नर्सबाईनं विचारलं. "टोलवाटोलवी नको, आबा. मालबाबू थांबलाय, बोट थांबलीय. उत्तर द्या."